चार बोटं कापड

बेळगावाला लागून असलेल्या आमच्या वडगावात कुणाच्या घरी माणूस गेलं की गल्लीतले माग थांबतात. कुणी कुणाला सांगायला जात नाही. आधी शेजारचा बंद होतो, मग समोरचा, मग कोपऱ्यावरचा, आणि पाच-दहा मिनिटांत सगळी गल्ली गप्प होते. मयत उचलून, माणसं स्मशानातून परत येऊन आंघोळी होईपर्यंत कुणी मागाला हात लावत नाही. साडी कितीही घाईची असेना.

सात वर्षांपूर्वी माझे थोरले भाऊ, अण्णा, गेले. त्या दिवशी गल्लीतले सगळे माग बंद होते आणि एक चालू होता. तो आमच्याच घरातला होता. चालवत मी होतो.

हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. मला बोलायला वेळ लागतो, आणि मागं ठेवलं तर शेवटी ते राहूनच जाईल.

मी बावन्न वर्षांचा आहे. घरात चार यंत्रमाग आहेत, साड्या विणतो. गेल्या वर्षी मी बेळगावातल्या मनाच्या डॉक्टरांकडं गेलो. एक प्रश्न होता: माझं हे जे वागणं आहे, माणसांत न मिसळणं, तोंडाकडं न बघणं, नको तिथं नको ते बोलणं, त्याला काही नाव आहे का, की मी माणूसच वाईट आहे? फोनवर शोधलं तेव्हा मराठीत जे सापडलं ते सगळं लहान मुलांबद्दल होतं. पन्नाशीतल्या माणसानं काय करायचं ते कुठंच नव्हतं. म्हणून लिहितोय.

माझ्या सवयी

मी माणसं काठावरून ओळखतो. म्हणजे साडीच्या काठावरून. समोरची बाई कोण हे मला तोंड बघून लवकर कळत नाही, पण काठ बघितला की कळतं. पुरुषांच्या बाबतीत कानाकडं नाहीतर शर्टाच्या पहिल्या बटणाकडं बघतो. खडेबाजारातले, ज्यांना आम्ही साड्या घालतो, म्हणजे विकतो, ते व्यापारी "काय दत्तोबा, कसं काय?" म्हणाले की मी आठवड्यात किती साड्या उतरल्या आणि किती डागी निघाल्या ते सांगत असे. ते हसायचे. मला वाटायचं, विचारलं म्हणून सांगितलं, हसायचं काय त्यात?

लग्नाला गेलो तर हॉलबाहेर गाड्या लावतात तिथं उभा राहायचो. बँड सुरू झाला की रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जायचो. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं मोठ्या हौसेनं नवी साडी दाखवली, तेव्हा मी पदरात एक तार चुकल्याचं दाखवलं. चुकली होतीच. तिनं ती साडी परत कधी नेसली नाही, असं नंतर बायकोनं, रेणुकानं सांगितलं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढी वर्षं ती माझ्या मागं मागं फिरून लोकांची समजूत घालत आलीय. "त्यांचा स्वभावच तसला हाय, मनात काय नसतंय." हे वाक्य मी दाराआडून इतक्या वेळा ऐकलंय की मलाच ते पाठ आहे.

फक्त मागाच्या खोलीत मला कसलाच त्रास नव्हता. तिथं आवाजात बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून सगळे हातानं बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की तार तुटली. तळहात आडवा केला की थांब. मूठ वळून छातीकडं ओढली की माग लाव, कारण दांडी तशीच ओढायची असते. ही भाषा अण्णांनी मला शिकवली. तिच्यात एका खुणेचा एकच अर्थ. तोंडाकडं बघावं लागत नाही.

तो दिवस

अण्णा सकाळी दहाच्या सुमारास मागापाशीच बसले ते उठले नाहीत. दवाखान्यात नेलं, साडेअकराला परत आणलं. बाहेरच्या खोलीत ठेवलं. गल्ली गप्प झाली होती. भर दिवसा ती तशी मी फार कमी वेळा ऐकलीय, आणि दर वेळी मला घर सोडून कुठंतरी लांब जावंसं वाटलेलं आहे.

बायका येत होत्या. एकीचं रडणं जरा खाली बसलं की दुसरी दारातून यायची आणि परत पहिल्यापासून सुरू. कुणीतरी माझे खांदे धरून हलवत होतं, "रड बाबा, रड, मोकळा हो." मला रडू येत नव्हतं. कानांत काहीतरी फाटत चाललंय असं वाटत होतं, हातांची बोटं बधिर झाली होती. अण्णांच्या पायांकडं बघितलं. पायांना तेल लागलेलं होतं, मागाचं.

मी उठून आतल्या खोलीत गेलो. अण्णांच्या मागावर निळी साडी होती, लाल काठाची, पदर अर्धा झालेला. मी दांडी ओढली.

किती वेळ चालवला ते मला घड्याळात सांगता येत नाही. चार बोटं कापड विणलं गेलं. तेवढ्यात कुणीतरी वीज बंद केली. मागं वळलो तर दारात वैनी उभी, अण्णांची बायको. केस सुटलेले. ती ओरडली नाही.

"माझा नवरा भाईर पडलाय, आणि तू माग चालवालास? आतडी न्हाईत व्हय रं तुला?"

माग चालला हे सगळ्या वडगावाला माहीत आहे. आमच्या मागं "दगड" म्हणतात तेही मला माहीत आहे. पण मी वैनीला काय उत्तर दिलं ते तिला आणि मलाच ठाऊक होतं. रेणुकालासुद्धा मी गेल्या वर्षापर्यंत सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "पदर पुरा व्हायचा होता."

तेवढंच वाक्य तोंडात आलं. वैनी वळून बाहेर गेली. तेरावं झाल्यावर तिनं आमच्या शेजारच्या, तिच्या आणि अण्णांच्या घराला कुलूप लावलं आणि निपाणीला भावाकडं गेली. वर्षातून एकदा, अण्णांच्या तिथीला, यायची. स्वतःच्या घरात स्वयंपाक करायची, नैवेद्य दाखवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आमच्या घरचं पाणीसुद्धा तिनं घेतलं नाही. मला हाक मारणं सोडलं.

ही ती वैनी, जी मी नऊ वर्षांचा असताना या घरात लग्न होऊन आली. माझी आई त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती. मला न्हाऊ-माखू घातलं ते तिनं.

प्रीतीचं म्हणणं

माझी मुलगी प्रीती बेळगावात शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या एका मुलीला समजून घ्यायला म्हणून तिला आठवडाभराच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथून आली ती दोन दिवस माझ्याकडं नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "पप्पा, रागावणार न्हाईसा तर एक सांगू?"

तिनं सांगितलं त्यात "आस्परगर" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ती वहीतून एकेक लक्षण वाचत होती, आणि मी ताटातल्या आमटीकडं बघत होतो.  मग रेणुका हसली. हसता हसता तिचा आवाज बदलला. "म्हंजे एवढी वर्सं मी कुणावर चिडालते?" म्हणाली आणि ताट घेऊन उठली. त्या दिवशी तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. आता कळतं की चिडायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं, आणि प्रीतीनं तिच्या पुढ्यातून ते काढून घेतलं होतं.

मी मात्र तो शब्द धरून बसलो. माग चालवताना, साडी घडी घालताना, तोच. मला आजार निघेल याची भीती नव्हती. निघणार नाही याची होती. डॉक्टर म्हणाले की "तुम्हाला काही झालेलं नाही," तर मग वैनी म्हणाली तेच खरं ठरणार होतं.

दुसऱ्या मजल्यावर

दवाखाना बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. बरोबर प्रीती, आणि बोलत नसली तरी रेणुकाही. बाहेर बसायच्या खोलीत टीव्ही लावलेला, त्यावर कानडी मालिका आणि त्यात सतत कुणीतरी रडतंय. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. नंबर आला की प्रीती बोलावायला येई. असं पहिल्या दोन्ही वेळा झालं.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या, कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या. मी खुर्चीत बसलो आणि त्यांच्या टेबलावरच्या पेनांकडं बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "खिडकीकडं बघून बोललात तरी चालतंय मला." एवढ्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी खिडकीकडं बघून पाऊण तास बोललो.

प्रश्नांचा कागद होता, तो इंग्रजीत आणि कानडीत. मी मराठी शाळेत शिकलेला, कानडी बोलतो पण वाचायला अडखळतो. प्रीती वाचून सांगू लागली. मित्रांबरोबर गप्पा मारायला आवडतं की एकट्यानं काही करायला? मी विचारलं, "कुठले मित्र?" प्रीतीला वाटलं मी चेष्टा करतोय, ती हसली. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि ती पुढचा प्रश्न शोधू लागली. समारंभात अनोळखी लोकांशी बोलणं जमतं का, याचं उत्तर मागून रेणुकानंच दिलं. "ओळखीच्यांशी तरी कुठं जमतंय?" डॉक्टर हसल्या. माझ्याही ओठांना हसू आलं. मोकळं वाटलं ते पहिल्यांदा तिथं.

त्या दिवसाचं मी दुसऱ्या भेटीत सांगितलं. उत्तरासकट. रेणुका शेजारी बसलेली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण तिच्या हातातली पिशवी खाली पडली आणि तिनं ती उचलली नाही.

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या की माझ्या बोलण्यातून बरंच दिसतंय, पण एवढ्यावर त्या सांगणार नाहीत. ही गोष्ट जन्मापासून असते. मोठेपणी माणूस कशाकशानं गप्प गप्प होऊ शकतो, दुःखानं, धास्तीनं. लहानपणी मी कसा होतो ते बघितलेलं कुणीतरी पाहिजे.

"आई?"

"नाहीत."

"वडील, भाऊ, बहीण?"

"नाहीत."

"मग घरातलं दुसरं कुणी?"

आम्हा तिघांना माहीत होतं कोण. 

रेणुकाचा विरोध

घरी आल्यावर रेणुका माझ्याशी बोलली, आणि जे बोलली ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, वैनींना परत रडवायला जाऊ नका. सहा वर्षांत एकदा गेला न्हाईसा माफी मागायला. आता गरज लागली म्हणून जाणार? "डॉक्टरचा कागद दाखवून सुटायचं हाय व्हय तुम्हाला?"

 मलाही तेच वाटत होतं. कागद मिळाला तर मी तो ढालीसारखा पुढं धरीन, आणि वैनीनं जे सोसलं ते परत तसंच राहील. तीन आठवडे मी काही केलं नाही. डॉक्टरांकडची तारीख पुढं ढकलली. झोप उडाली. मागावर तारा चुकू लागल्या, आणि त्या मला कापड उतरल्यावर दिसायच्या. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग एका गुरुवारी मी कागदावर चार वाक्यं लिहिली आणि निपाणीची गाडी पकडली.

निपाणी

संकेश्वरपर्यंत मी ती वाक्यं मनात म्हणत होतो. शेजारी बसलेल्या माणसानं कुठं जायचं विचारलं, मी निपाणी म्हणालो. कुणाकडं विचारलं, तर मी गप्प बसलो. त्यानं तोंड फिरवलं. आता मला कळतं की "पाहुण्यांकडं" एवढं म्हणून भागलं असतं.

वैनी भावाच्या घरापुढच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. गल्लीत तंबाखूचा वास, मला शिंकांवर शिंका आल्या, आणि त्यामुळं तिनं वर बघितलं. साठी कधीच ओलांडलेली, फार वाळली होती. मी काठ बघितला. जुनी जांभळी साडी, आमच्याच मागावरची. मी उभा राहिलो.

"बस म्हणायची वाट बघालास?" ती म्हणाली. सहा वर्षांत तिनं मला उद्देशून म्हटलेलं ते पहिलं वाक्य.

मी बसलो, खिशातून कागद काढला आणि वाचला. मी डॉक्टरांकडं जातोय. त्यांना माझं लहानपण सांगणारं माणूस पाहिजे. तू सोडून कुणी नाही. तू नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन.

"लिहून आणलायस?"

"व्हय."

"बघू." तिनं कागद घेतला, लांब धरून वाचला, उलटा करून मागंही बघितलं. "ह्यात त्या दिवसाचं काय न्हाय."

"न्हाय."

"का?"

"डॉक्टरास्नी सांगितलं. तुला कसं सांगायचं ते कळंना."

ती शेंगा फोडू लागली. मला वाटलं, संपलं. उठावं का बसावं ते कळेना. मग जे मी लिहून आणलं नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं. मी म्हणालो, "वैनी, पदर पुरा करायला मी माग लावला नव्हता. ते खोटं हाय. का लावला ते मला बी ठाऊक न्हाय. रडणं सोसंना, आणि गल्ली गप्प. मला वाटलं मी फुटतोय. तू इचारल्यावर तोंडाला आलं ते बोललो. लई वाईट बोललो."

तिनं हातातली शेंग फोडली नाही. 

"ती साडी कुणाला घातलीस?"

"कपाटात हाय. तशीच. पदर अर्धाच हाय."

"पुरा न्हाय केलास?"

"न्हाय."

तिची भावजय चहा घेऊन आली. वैनीनं माझ्यापुढं कप सरकवला, स्वतः घेतला नाही. माझा चहा होईपर्यंत ती शेंगा फोडत राहिली. मग विचारलं, "डॉक्टर कुठं बसतोय?"

"टिळकवाडीकडं. बाई हाय."

"माडीवर?"

"दुसऱ्या मजल्यावर."

"माझं गुडघं कामातनं गेल्यात," ती म्हणाली. "लवकर ये म्हणावं प्रीतीला, सावकाश चढावं लागंल."

वैनीची साक्ष

जिना चढायला तिला दहा मिनिटं लागली. माझ्या हाताला धरलं नाही, प्रीतीला धरलं. आत गेल्यावर मात्र माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, कारण तीच रिकामी होती.

डॉक्टर विचारत होत्या, ती सांगत होती. मी नऊ वर्षांचा असताना कसा होतो. दिवस दिवस बोलायचा न्हाय. सुताच्या कांड्या रंगवार लावून बसायचा, एक हलवली तर पहिल्यापासनं परत लावायचा. भात आणि आमटी एकमेकाला लागलेली चालायची न्हाय. मला वाटायचं, आई गेलेलं पोरगं हाय. पण सासऱ्यांनी सांगितलं, आई असताना बी असाच होता.

मग ती म्हणाली, "आणि माझ्या लग्नातलं सांगते. वरात दारात आली, बँड लागलाय, आणि हे पोरगं गायब. सगळीकडं शोधलं. तर मागाच्या खाली, कानात बोटं घालून, वरडत बसलेलं. कुणाला हात लावू देईना. मग हे आलं, दत्तूचं अण्णा. बाशिंग बांधलेलं होतं ह्यास्नी. सरळ आत गेलं आणि माग लावला. माझ्या म्हायेरची माणसं हसली, म्हणाली नवरदेवाला कामाची लई घाई. पण माग लागला आणि पोरगं गप्प झालं. आपापलं भाईर आलं. तवापासनं नेहमीचंच झालं. घरात माणसं जमली, कालवा वाढला, की हे म्हणायचं, दत्तूला आत ने, माग ला..."

ती थांबली.

मला हे काही आठवत नव्हतं. मागाखालचा तो अंधार आठवतो, तेलाचा वास आठवतो. बाशिंग आठवत नाही. माग मला अण्णांनी लावून दिला होता, हे मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं.

वैनीनं पदर तोंडाशी धरला होता.  रेणुका मागं रडत होती, तिचा आवाज ऐकू येत होता, आणि त्या वेळी मला तो सोसला.

"लावून द्यायला हे कुठं हुतं त्या दिवशी?" वैनी हळू म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मग माझ्याकडं वळली. "पण मला लागलं रं, दत्तू. ते लागायचं ते लागलंच."

मी म्हणालो, "व्हय."

यापेक्षा जास्त काही म्हणायला हवं होतं, असं रेणुका म्हणते. वैनी म्हणते, तेवढं बरोबर होतं.

नाव

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलं. आस्परगर हे नाव आता वेगळं देत नाहीत, स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, मोठ्या पट्ट्यातच ते धरतात, आणि मी त्या पट्ट्यात आहे यात त्यांना शंका वाटत नाही. याला आजार म्हणू नका, म्हणाल्या. गोळी नाही. ज्यानं त्रास होतो ते आधी ओळखायचं, सांगायचं, आणि उठून जायची मुभा स्वतःला द्यायची.

मी विचारलं, "म्हणजे मी दगड नव्हे?"

त्या म्हणाल्या, "ते माझ्या कागदात लिहायला जागा नाही. तुम्हीच सांगा, सहा वर्षं एक वाक्य दगडाला सलत राहील का?"

कागद मी घरी आणला. ज्या कपाटात निळी साडी आहे त्यातच ठेवलाय. कुणाला दाखवलेला नाही. रेणुका एवढंच म्हणाली की आवाज सोसत नाही हे आधी सांगितलं असतंत तर मी कुकर परसात नेला असता. आता नेलाय. लग्नाला जायच्या आधी आम्ही ठरवतो, अर्धा तास. अर्धा तास झाला की ती मला तळहात आडवा करून दाखवते आणि मी बाहेर जातो. ती आत राहून जेवून येते. पूर्वी तिला माझ्यामागं यावं लागायचं. आपल्याबद्दल ज्यांना अशी शंका येते त्यांनी जावं, एवढंच मी म्हणेन. आणि घरातल्या माणसाला बरोबर न्यावं, ते चिडलेलं असलं तरी.

यंदाची तिथी

यंदा अण्णांच्या तिथीला वैनी आदल्या दिवशीच आली. आमच्या दारात येऊन म्हणाली, "रेणू, पाणी दे गं." रेणुकानं तांब्या घासून, काठोकाठ भरून दिला.

स्वयंपाक आमच्याकडंच झाला. गल्लीतली, निपाणीची, पंचवीस-तीस माणसं आली. तिथीच्या दिवशी आमच्या घरातले माग बंद असतात, सात वर्षं मी ते पाळत आलोय. कुणी म्हणालं तरी लावले नसते. मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. माणसं बोलू लागली, अण्णांच्या आठवणी निघाल्या, एक म्हातारी रडू लागली, तिचं बघून दुसरी. ताटं वाजत होती. बोटं बधिर व्हायला लागली तसा मी जमिनीकडं बघत राहिलो. ठरवलं होतं, आज उठायचं नाही. आज काहीही झालं तरी बसायचं.

कधीतरी वर बघितलं तर समोरच्या दारात वैनी उभी होती. माझ्याकडंच बघत होती. तिनं मूठ वळली आणि छातीकडं ओढली.

मी मान हलवली. आज नको.

तिनं परत मूठ ओढली, या वेळी जोरात. लहानपणी मी जेवायला नको म्हटलं की ज्या रागानं ताट पुढं सरकवायची तोच तिचा राग.

मी उठलो, आतल्या खोलीत गेलो आणि अण्णांच्या मागाची दांडी ओढली.

बाहेर काय झालं ते मला त्या आवाजात ऐकू येणं शक्य नव्हतं. नंतर रेणुकानं सांगितलं. माग लागल्याबरोबर बाहेर सगळे गप्प झाले. कोपऱ्यावरचे एक म्हातारे म्हणाले, आजच्या दिवशी माग? त्या दिवशीचं पुरं न्हाय झालं व्हय? वैनी वाढता वाढता थांबली. म्हणाली, "ही सवय ह्यांनीच लावलीया त्याला. ज्याला तरास हुतोय त्यानं उठून जावं."

मी रेणुकाला विचारलं, मग कुणी उठलं का?

"दोघं उठून गेले," ती म्हणाली. "बाकीचे जेवून गेले."